सही करण्याआधी भागीदाराची एक चूक पाहून घ्या

रात्री अडीचच्या सुमारास आयसीयूतल्या सिस्टरांचा फोन आला. "मॅडम, सहा नंबर बेडची शुगर ६.१ दाखवतेय, स्क्रीन लाल झालीय. पण पेशंट तर माझ्याशी नीट बोलतोय."

मी तेव्हा आयसीयूसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका लहान कंपनीत इंटरफेसचं काम बघत होते. त्याआधी सात वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते, त्यामुळे आकडा कानावर पडताच मनात युनिटच आलं. मिलिमोल प्रति लिटरमधले ६.१ म्हणजे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमधले साधारण ११०. ६.१ पहिल्या युनिटमधले असतील तर माणूस ठणठणीत आहे, दुसऱ्यातले असतील तर तो बेशुद्ध असायला हवा.

लॅबचे निकाल आमच्यापर्यंत एका भागीदार कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून यायचे. लॅपटॉप उघडून कच्चा संदेश पाहिला. रुग्णालयातली सॉफ्टवेअर एकमेकांना माहिती पाठवतात त्या एचएल-७ मानकाच्या जुन्या पद्धतीत निकालाची जी ओळ असते, ओबीएक्स, तिच्या पाचव्या रकान्यात आकडा असतो आणि सहाव्यात युनिट. सहावा रकाना रिकामा होता. दोन दिवसांपूर्वी त्यांनी नव्या अ‍ॅनालायझरसाठी मॅपिंग, म्हणजे कोणती माहिती कोणत्या रकान्यात जाते ती जुळणी, बदललं होतं आणि आम्हाला कळवलं नव्हतं. रिकामी जागा दिसल्यावर आमच्या सॉफ्टवेअरनं नेहमीचं युनिट, म्हणजे मिलिग्रॅम, गृहीत धरलं, ही चूक आमची. पेशंटला काही झालं नाही, कारण ग्लुकोज चढवण्याआधी सिस्टरांनी स्क्रीन सोडून माणसाकडे पाहिलं.

भागीदाराच्या सपोर्टला फोन लावला तर तिकीट टाकायला सांगितलं. सकाळी साडेनऊला उत्तर आलं: आमच्या बाजूने सर्व सेवा सुरळीत आहेत.

ही कंपनी आम्ही नीट निवडली होती, असं आम्हाला वाटत होतं. सादरीकरण उत्तम, मोठ्या ग्राहकांची यादी, सगळी प्रमाणपत्रं. काही बिघडल्यावर ही माणसं कशी वागतात, एवढं मात्र आम्ही पाहिलं नव्हतं. तेव्हापासून प्रत्येक नव्या भागीदाराच्या बाबतीत मी तेच आधी पाहते. हे काम तुमच्याकडे नव्यानं आलं असेल, तर मी ते कसं करते ते सांगते.

आधी आपण कशावर टेकणार आहोत ते लिहा

भागीदार शोधायला निघण्याआधी एक प्रश्न कागदावर लिहा: ही कंपनी उद्या सकाळी बंद पडली, तर पेशंटच्या खाटेजवळ काय थांबेल? क्लाउड देणारी, डेटा जोडून देणारी, सेन्सर पुरवणारी, विक्री करून देणारी आणि चाचणीसाठी वॉर्ड उघडून देणारी कंपनी, या सगळ्यांना आपण सरसकट 'पार्टनर' म्हणतो. पण विक्री करणारा गेला तर महसूल थांबतो, डेटा जोडणारा गेला तर अलार्म थांबतो. पहिल्यासाठी दोन बैठका पुरतात. दुसऱ्यासाठी मी दोन महिने मागते, आणि मिळाले नाहीत तर तसं लेखी कळवते.

'पेशंटजवळ काहीच थांबणार नाही' असं उत्तर आलं, तरी एकदा पुन्हा विचारा. अमेरिकेत विम्याचे दावे आणि औषधांची देयकं पुढे पाठवणाऱ्या चेंज हेल्थकेअरवर फेब्रुवारी २०२४ मध्ये रॅन्समवेअर हल्ला, म्हणजे यंत्रणा ओलीस धरून खंडणी मागणारा हल्ला, झाला. वरवर पाहता हा फक्त पैशांचा मामला. पण औषधाच्या दुकानात पेशंटचा विमा तपासता येईना, लोक औषध न घेता परत गेले आणि लहान दवाखान्यांना पगार द्यायला पैसे उरले नाहीत. सुमारे १९ कोटी लोकांच्या माहितीला त्याची झळ बसली. हल्लेखोर आत शिरले ते दूरस्थ प्रवेशाच्या एका पोर्टलमधून, ज्यावर दुहेरी पडताळणी नव्हती. मूळ कंपनीच्या प्रमुखांनी हे अमेरिकी संसदेपुढे मान्य केलं. हजारो संस्था एकाच वाटेवर अवलंबून होत्या आणि त्या वाटेचं एक दार उघडं राहिलं होतं. म्हणून 'यांच्याशिवाय चालवायचं झालं तर दुसरा रस्ता कोणता?' हा प्रश्नही त्याच कागदावर यायला हवा.

जबाबदारी वाटून देता येत नाही

नव्या संस्थापकांना हे समजावताना मला सगळ्यात जास्त वेळ लागतो. काम बाहेर देता येतं, त्याची जबाबदारी देता येत नाही. वैद्यकीय उपकरणांच्या गुणवत्ता व्यवस्थेसाठी जे आयएसओ १३४८५ मानक आहे, तेही स्पष्टच सांगतं: प्रक्रिया बाहेर दिली तरी तिच्यावरचं नियंत्रण तुमचंच.

लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयानं २०१५ मध्ये डीपमाइंड या कंपनीशी करार केला. मूत्रपिंडाला अचानक झालेली इजा लवकर ओळखणारं अ‍ॅप बनवायचं होतं. हेतू चांगला होता, तंत्रज्ञ उत्तम होते. त्यासाठी सुमारे १६ लाख पेशंटांची माहिती दिली गेली आणि पेशंटांना त्याची पुरेशी कल्पनाच नव्हती. जुलै २०१७ मध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयानं माहिती संरक्षण कायद्याचं पालन न केल्याचा ठपका ठेवला, तो रुग्णालयावर. हॉस्पिटलच्या माणसांनी हे प्रकरण वाचलेलं असतं. तुम्ही कितीही मोठे असा, त्यांची पहिली भीती तीच असते, आणि ती रास्त आहे.

दुसरं उदाहरण जुनं आहे, पण मी ते प्रत्येक नव्या इंजिनिअरला सांगते. थेराक-२५ हे किरणोपचाराचं यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात त्यानं सहा पेशंटांना प्रचंड जादा किरणोत्सर्ग दिला आणि त्यातले काही दगावले. त्याआधीची यंत्रं कॅनडाच्या एईसीएल कंपनीनं एका फ्रेंच भागीदाराबरोबर बनवली होती. भागीदारी संपली, एईसीएलनं थेराक-२५ एकटीनं पूर्ण केलं आणि जुन्या यंत्रांच्या सॉफ्टवेअरचे भाग त्यात वापरले. आधीच्या थेराक-२० मध्येही तशीच चूक होती, पण तिथं चुकीचा किरण अडवणारी स्वतंत्र विद्युत कुलुपं होती, त्यामुळे फार तर फ्यूज उडायचा. नव्या यंत्रातून ती कुलुपं काढून टाकली होती. भागीदाराकडून एखादा तयार भाग घेताना मी म्हणूनच विचारते: हा भाग आजवर कशाच्या आधारानं सुरक्षित राहिला? तो आधार आमच्याकडे आहे का?

सदोष संदेशांची पुडी

माझ्या पद्धतीचा गाभा हा आहे, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

भागीदार डेमो दाखवतो तेव्हा त्यातला प्रत्येक पेशंट शिस्तीचा असतो. नाव पूर्ण, जन्मतारीख बरोबर, युनिट जागेवर. वॉर्डात असं नसतं. म्हणून करार करण्याआधी मी दहा-बारा बनावट संदेशांची एक पुडी पाठवते. खऱ्या पेशंटची कोणतीही माहिती त्यात नसते, दोष मात्र सगळे खरे, माझ्या लॅबच्या दिवसांतून आणि त्या रात्रीतून जमवलेले.

एका संदेशात युनिट नसतं. एकात निकाल '०.०१ पेक्षा कमी' असा चिन्हासह येतो. आकडाच हवा असलेलं सॉफ्टवेअर तो गुपचूप टाकून देतं किंवा शून्य करतं. एकात दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम असतो. एकात पोटॅशियम वाढलेलं दिसतं, पण खाली शेऱ्यात लिहिलेलं असतं की नमुना हिमोलाइज्ड आहे, म्हणजे पेशी फुटून पोटॅशियम नळीतच वाढलंय; शेरा गळला तर डॉक्टर नसलेल्या आजारावर उपचार करतील. एकात दोन पेशंटांच्या नोंदी एक झाल्याचा ए-४० संदेश असतो, आणि जुन्या क्रमांकावरचा निकाल त्यानंतर येतो. घड्याळ तासभर मागे केल्यावर आलेला, म्हणजे आधीच्या निकालापेक्षा 'जुना' दिसणारा निकाल एकात. आणि एक दुरुस्त निकाल: आधी 'एफ', म्हणजे अंतिम, म्हणून गेलेला, नंतर 'सी', म्हणजे सुधारित, म्हणून पुन्हा आलेला.

पुडी पाठवून मी दोन आठवडे देते. किती संदेश पास झाले हे मी मोजते, पण निर्णय त्यावर घेत नाही. पाहायचं असतं ते समोरची माणसं काय करतात.

एका मोठ्या कंपनीनं चार दिवसांत अहवाल पाठवला: बाराही संदेश यशस्वी. मी रिकाम्या युनिटचं काय केलं ते विचारलं. त्यांनी स्वतःच्या तक्त्यातून एक युनिट भरलं होतं, तेही कुठे नोंद न करता. एक आठ-दहा जणांची कंपनी बाराव्या दिवसापर्यंत सातच संदेश पार करू शकली. पण त्यांच्या इंजिनिअरनं तिसऱ्या दिवशी मला विचारलं होतं: "हा 'सी' आला की जुना निकाल स्क्रीनवरून काढायचा, की खोडलेला दाखवायचा? डॉक्टरांनी जुन्या आकड्यावर औषध दिलं असेल तर त्यांना तो दिसायला हवा ना?"

आम्ही दुसऱ्या कंपनीबरोबर गेलो. उरलेले पाच संदेश महिनाभरात सुटले. पेशंटच्या बाजूनं पडलेला तो प्रश्न मात्र शिकवून आला नसता.

'आम्ही फायर सपोर्ट करतो' या वाक्यावर थांबू नका. फायर म्हणजे एचएल-७ चंच नवं मानक. कोणती आवृत्ती? डिसेंबर २०१८ ची आर-४ की त्यापुढची? कोणते घटक, फक्त वाचता येतात की लिहिताही येतात? आणि निकाल कोणत्या कोडनं येतो? लॅबच्या चाचण्यांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या लॉइंक कोडांमध्ये रक्ताच्या सीरम किंवा प्लाझ्मातल्या ग्लुकोजसाठी वजनात मोजलं तर २३४५-७ आणि मोलमध्ये मोजलं तर १४७४९-६ असे वेगळे कोड आहेत. हे ठाऊक असलेला भागीदार असता, तर माझ्यावर ती रात्र आली नसती. समोर फक्त विक्रीचा माणूस बसला असेल तर ज्यानं शेवटचं इंटिग्रेशन स्वतः हातानं केलं, त्याच्याशी अर्धा तास मागा. हा अर्धा तास देता येत नसेल, तर तेही एक उत्तर आहे.

प्रमाणपत्रं

यावर फार शब्द नको. प्रमाणपत्र आहे का, हे सगळेच विचारतात. त्यावरची व्याप्तीची ओळ फार थोडे वाचतात. माहितीच्या सुरक्षेचं आयएसओ २७००१ प्रमाणपत्र कंपनीच्या मुख्य कार्यालयापुरतं असू शकतं आणि तुमचा डेटा तिसऱ्याच ठिकाणी असू शकतो. एसओसी-२ या सुरक्षा नियंत्रणांच्या तपासणी अहवालाचा पहिला प्रकार एका दिवशीचं चित्र सांगतो, दुसरा काही महिने नियंत्रणं प्रत्यक्ष चालली का ते सांगतो. दुसरा मागा आणि त्यातली अपवादांची पानं आधी उघडा. सॉफ्टवेअर उपकरणाचा भाग असेल तर वैद्यकीय सॉफ्टवेअरच्या आयईसी ६२३०४ या मानकाप्रमाणे ते ए, बी की सी वर्गात धरलंय ते विचारा. 'सी' म्हणजे बिघाडामुळे मृत्यू किंवा गंभीर इजा होऊ शकते. तुमचं उत्पादन 'सी' मध्ये आणि त्यांचा भाग 'ए' च्या शिस्तीनं बनलेला, असं आढळलं तर ती दरी भरण्याचं काम आणि खर्च कुणाचा, हे त्याच बैठकीत ठरवा.

एआय देणारे भागीदार

इथं माझा आग्रह एकच: त्यांचे आकडे ऐका, पण मोजमाप आपल्या वॉर्डात करा. एपिक कंपनीचं सेप्सिस, म्हणजे संसर्गामुळे होणारी जिवावरची गुंतागुंत, ओळखणारं मॉडेल अमेरिकेत अनेक रुग्णालयांत चालू होतं. २०२१ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी आपल्याकडच्या ३८ हजारांहून अधिक भरतींवर ते तपासलं. सेप्सिस झालेल्यांपैकी ६७ टक्के पेशंट त्यानं ओळखलेच नव्हते, आणि तरीही एकूण भरतींपैकी १८ टक्क्यांवर त्यानं इशारे दिले होते. ज्या सिस्टरला प्रत्येक पाचव्या-सहाव्या पेशंटसाठी घंटा ऐकू येते, ती काही आठवड्यांत घंटा ऐकणं सोडून देते. त्यात तिचा दोष नाही.

म्हणून मी मॉडेल आधी मूकपणे चालवून घेते. ते अंदाज नोंदवतं, पण कुणाला इशारा देत नाही. दोन-तीन महिन्यांनी प्रत्यक्ष काय झालं त्याच्याशी ताडून पाहायचं. मॉडेल कोणत्या पेशंटांवर शिकलं, आणि नेमका कशाचा अंदाज बांधतं, हेही विचारायचं. २०१९ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात दिसलं की जास्त काळजीची गरज असलेले पेशंट निवडणारा एक अल्गोरिदम खरं तर आजार मोजत नव्हता, पुढचा खर्च मोजत होता. कृष्णवर्णीय पेशंटांवर आधीपासून कमी खर्च व्हायचा, म्हणून तितकेच आजारी असूनही ते मागे पडले. मूक चाचणीला जो भागीदार नाही म्हणतो, त्याच्याशी मी पुढे बोलत नाही.

हॉस्पिटलसुद्धा भागीदार आहे

पहिलं हॉस्पिटल मिळतंय या आनंदात कंपन्या त्याला पारखतच नाहीत. एमडी अँडरसन या कर्करोग केंद्रानं आयबीएमच्या वॉटसन या एआय प्रणालीबरोबर उभारलेल्या प्रकल्पावर सुमारे ६.२ कोटी डॉलर खर्च झाले आणि तो पेशंटांपर्यंत पोचला नाही. टेक्सास विद्यापीठाच्या लेखापरीक्षणात खरेदीतल्या त्रुटी दिसल्या, आणि एक गोष्ट आपल्या कामाची: मधल्या काळात केंद्रानं नोंदींची यंत्रणाच बदलली आणि नव्या यंत्रणेशी वॉटसनचं साधन जोडलेलं नव्हतं. म्हणून हॉस्पिटलच्या आयटी प्रमुखांना मी पहिल्याच भेटीत विचारते, पुढच्या दोन वर्षांत नोंदींची यंत्रणा बदलायचा विचार आहे का?

मग मी वॉर्डात जाते. विभागप्रमुखांचा उत्साह करारासाठी लागतो, रोजचा वापर वॉर्ड इन्चार्ज सिस्टरांच्या हातात असतो. शिफ्ट बदलताना कोपऱ्यात अर्धा तास उभं राहिलं की कळतं, स्क्रीनकडे किती जण बघतात आणि हातातल्या कागदाकडे किती. आपलं साधन त्यांच्या कामात भर घालणार की कमी करणार, हे त्या इन्चार्जना थेट विचारा. त्या 'बघू' म्हणाल्या तर अजून काम बाकी आहे.

पैसा कुठून येतो

भागीदाराला आपल्या पडद्यावर काय दिसायला हवंय, आणि ते का, हे विचारायला संकोच करू नका. डॉक्टरांसाठी नोंदींचं सॉफ्टवेअर देणाऱ्या प्रॅक्टिस फ्यूजन या कंपनीनं ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीची वेदनाशामकं, बनवणाऱ्या एका औषध कंपनीकडून पैसे घेऊन वेदनेसंबंधीच्या सूचना तिच्या सोयीनं बसवल्या. जानेवारी २०२० मध्ये तिला १४.५ कोटी डॉलर भरण्याचं मान्य करावं लागलं. डॉक्टरांना वाटत होतं, ही सूचना वैद्यकशास्त्र देतंय. मला हे प्रकरण सगळ्यात जास्त बोचतं, कारण यात सॉफ्टवेअर अगदी ठरवल्याप्रमाणे चाललं होतं. वैद्यकीय सूचनांचा मजकूर कोण ठरवणार, हा अधिकार मी कोणत्याही किमतीला भागीदाराकडे देत नाही. तो आपल्या वैद्यकीय समितीचा, आणि करारात तसं स्पष्ट लिहिलेलं असावं.

करारात मी अडून बसते ती कलमं

बदलाची पूर्वसूचना सगळ्यात आधी. मॅपिंग, आवृत्ती, सर्व्हरची जागा, काहीही बदलायचं तर ३० दिवस आधी कळवायचं आणि आमच्या चाचणी यंत्रणेवर आधी चालवायचं. हे कलम असतं तर तो सहावा रकाना रिकामा आलाच नसता.

माहिती फुटल्याची खबर किती तासांत, हेही आकड्यात हवं. युरोपच्या जीडीपीआर या माहिती संरक्षण कायद्यात नियामकाला कळवायला ७२ तास मिळतात. तिथं भागीदारानं तुम्हाला 'अनावश्यक विलंब न करता' सांगायचं असतं, आणि या शब्दांचा अर्थ प्रत्येक जण आपल्या सोयीनं लावतो. मी २४ तास लिहून घेते. भागीदाराचे भागीदार कोण, त्यांची यादी आणि ती बदलल्यास कळवणं हेही त्यातच.

बाहेर पडण्याचं कलम प्रेमाच्या दिवसांत लिहून घ्या. डेटा कोणत्या स्वरूपात परत मिळेल, किती दिवसांत, त्यांच्याकडची प्रत पुसल्याचा पुरावा कोणता. आणि हे एकदा प्रत्यक्ष करून पाहा: पायलट चालू असतानाच 'आमचा सगळा डेटा द्या' म्हणून मागा. मला एकदा तो स्कॅन केलेल्या पानांच्या स्वरूपात मिळाला होता.

संदर्भ म्हणून दिलेल्या ग्राहकांना फोन करा, पण सोडून गेलेल्या एका ग्राहकाचाही नंबर मागा. "काम का थांबलं?" यापेक्षा "शेवटच्या महिन्यात ते तुमच्याशी कसे वागले?" हा प्रश्न जास्त सांगून जातो.

आणि तो फोन

करारात लिहिलेला आपत्कालीन नंबर मी सही करण्याआधी एकदा रात्री फिरवते. भागीदाराला आधी सांगून ठेवते की या आठवड्यात कोणत्याही रात्री चाचणीचा फोन येईल. कुणी दचकू नये, पण तयारीचा देखावाही होऊ नये, एवढ्यासाठी.

त्या आठ-दहा जणांच्या कंपनीला मी पावणेतीनला फोन केला होता. चौथ्या रिंगला एका मुलीनं उचलला, आवाजात झोप होती. मी म्हटलं, चाचणीचा फोन आहे, समजा आमच्या एका पेशंटचा ग्लुकोजचा निकाल संशयास्पद वाटतोय, नाव सांगू का? ती लगेच म्हणाली, "नाव नको, मॅडम. संदेशाचा क्रमांक आणि वेळ सांगा. आणि वॉर्डला आधी कळवा, की निकाल तपासेपर्यंत स्क्रीनवर विसंबू नका, ग्लुकोमीटरवर बघा. मी लॉग उघडते, तुम्ही लाइनवरच थांबा."

दुसऱ्या दिवशी आम्ही सही केली.